'तांबडी चामडी' आणि ३० सेकंद

विजयदुर्गच्या खाडीपलीकडे राजापूर तालुक्यांत सागवें गांव आहे. त्या गांवाचें आडनांव लावणारा श्रेयस सागवेकर हा तरुण रॅपगायक २०२४ सालीं एकाएकीं जगभर ऐकूं आला. क्रेटेक्स या संगीतकारासह त्यानें केलेलें 'तांबडी चामडी' हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनें काढलें, आणि मराठीचा गंध नसलेले लोकही त्यावर नाचूं लागले.

'यांत अर्थ तो कोणता?' असें आपल्यांतील सुशिक्षित विचारतील. मोरोपंतांच्या अनुप्रासांवर डोलणाऱ्यांनीं तरी हा प्रश्न जपून विचारावा! नुसतें शीर्षक मोठ्यानें म्हणून पाहा : दोन्ही शब्दांत ओठ मिटतात आणि लगेच 'डी'वर जीभ आपटते. मराठी व्यंजनांत दडलेली ही ढोलकी या तरुणानें अचूक हेरली आहे.

माझें भांडण आहे तें मोजमापाशीं. स्पॉटिफायवर गाणें ३० सेकंद वाजलें कीं तें एकदां ऐकलें असें धरतात. मग सारी चमक आरंभींच उधळण्याचा मोह कोणाला होणार नाहीं? आमच्याकडील दशावतारांत आधीं गणपति येतो, संकासुर हंसवून जातो. आख्यान त्यानंतर, आणि तें उत्तररात्रीपर्यंत चालतें. प्रेक्षक उठून जात नाहींत. 'तांबडी चामडी'ची पहिली थाप कानांत बसते. पुढें मात्र तीच फिरून फिरून येते, नवें कांहीं हातीं लागत नाहीं. शब्दांचा एवढा कान असलेल्या या गायकाकडून मला आतां एक सबंध आख्यान ऐकावयाचें आहे.