‘नीतिमान ठरणें’ आणि मुलांची प्रश्नोत्तरी

मुलांस धर्मतत्त्वें शिकविणाऱ्या पुस्तकांची परीक्षा बहुधा त्यांतील मतें खरीं कीं खोटीं एवढ्यापुरतीच होते. तो निर्णय ज्याचा त्यानें करावा. पण एखादें मत मुलाच्या मनांत कोणत्या वाटेनें शिरतें, आणि शिरल्यावर तें तेंच राहतें कीं नाहीं, हा प्रश्न वाङ्मयविचाराचा आहे. मनुष्य स्वतःच्या सत्कर्मांनीं नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासानें देवापुढें नीतिमान ठरतो, हा प्रॉटेस्टंट पंथाचा पायाभूत सिद्धान्त होय. तो शिकविणाऱ्या तीन प्रख्यात प्रश्नोत्तरी पुस्तकांचा येथें त्या दृष्टीनें विचार करावयाचा आहे.

ह्या सिद्धान्ताची अडचण आरंभींच ध्यानांत घेतली पाहिजे. मुलाचें सारें जग मोबदल्यावर चालतें. धडा पाठ केला तर शाबासकी, खोडी केली तर शिक्षा, हा घराचा व शाळेचा कायदा. अशा मुलास सांगावयाचें कीं, देवाची प्रीति कमवावयाची नसून ती दिली जाते! त्यांतून मराठी शब्दयोजनेनें आणखी एक पेंच घातला आहे. मराठी बायबलांत ह्या कल्पनेस ‘नीतिमान ठरणें’ असें म्हटलें आहे. ‘ठरणें’ हें क्रियापद फार चपखल. आरोपी निर्दोष ठरतो तेव्हां त्याच्या अंगीं नवा गुण येत नाहीं. न्यायाधीशाचा निर्णय तेवढा त्याच्या बाजूनें होतो, आणि पौलाच्या ग्रीक शब्दासही न्यायालयाचा हाच वास आहे. परंतु ‘नीतिमान’ म्हणतांच मुलाच्या डोळ्यांपुढें सद्वर्तनी, गुणी मुलगा उभा राहतो. एक शब्द सिद्धान्ताकडे ओढतो, तर दुसरा त्याच्या विरुद्ध.

पहिलें पुस्तक मार्टिन ल्यूथरचें, इ. स. 1529 चें. सॅक्सनींतील मंडळ्यांची पाहणी करतांना लोकांचें अज्ञान पाहून तो अस्वस्थ झाला, आणि कुटुंबप्रमुखानें घरच्या माणसांस सोप्या रीतीनें शिकवावें म्हणून त्यानें ही लहान प्रश्नोत्तरी रचिली. दर वाक्यामागून एकच साधा प्रश्न येतो : ह्याचा अर्थ काय? मूल नेमका हाच प्रश्न दिवसांतून शंभरदां विचारतें. ख्रिस्ताविषयींच्या कलमाचा अर्थ सांगतांना ल्यूथर न्यायालयाची परिभाषा काढीत नाहीं. हरवलेल्या ‘मला’ त्यानें सोडविलें, एवढेंच तो मुलाच्या तोंडीं घालतो. उणीव असलीच तर क्रमांत आहे. दहा आज्ञा प्रथम येतात. धाक आधीं व आधार मागाहून, ही ओळख मुलाच्या मनांत खोल रुतून बसण्याचा संभव असतो.

दुसरें हायडेलबर्गचें, इ. स. 1563 चें. पॅलाटिनेटचा इलेक्टर तिसरा फ्रेडरिक ह्याच्या आज्ञेवरून झालेल्या ह्या रचनेंत मुख्य हात झकारियस उर्सिनस ह्या तिशीच्या आंतील पंडिताचा होता. ह्यांत 129 प्रश्न असून त्यांची वांटणी वर्षाच्या 52 रविवारांवर केली आहे. साठाव्या प्रश्नांत ‘तूं’ देवापुढें नीतिमान कसा, असें विचारलें आहे. आणि उत्तर देणारा, स्वतःचें मन स्वतःवर आरोप करीत असतांही आपला स्वीकार कसा होतो, तें प्रथमपुरुषांत सांगतो. दुखावलेल्या मनाची ही कबुली दहा वर्षांच्या मुलासही परकी नाहीं. शिवाय येथें दहा आज्ञा तिसऱ्या भागांत, म्हणजे कृतज्ञतेच्या भागांत, घातल्या आहेत. आज्ञापालन ही किंमत नसून आभार आहेत, हें केवळ मांडणीनें सांगितलें गेलें. ‘मग मनुष्य बेफिकीर होणार नाहीं काय?’ हा वाचकाच्या मनांतील आक्षेपही ग्रंथकारानें चुकविलेला नाहीं.

तिसरें वेस्टमिन्स्टरचें, इ. स. 1647 चें. स्कॉटलंडांतील मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनीं ह्याचे 107 प्रश्न मुखोद्गत केले. तेहेतिसाव्या प्रश्नांतील व्याख्या इतकी रेखीव आहे कीं, त्यांतून एक शब्द काढतां येणार नाहीं. पण ती व्याख्याच आहे. तींत ‘मी’ कोठेंही नाहीं. व्याख्या पाठ करणारा मुलगा सिद्धान्ताचा साक्षीदार होतो, वारस होत नाहीं.

‘ठरणें’ पुरेसें कीं ‘होणें’ही पाहिजे, हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. रोमन कॅथलिक पंथाच्या ट्रेंट येथील परिषदेनें 1547 सालीं पापक्षमेबरोबर अंतःकरणाचें नूतनीकरणही ह्यांत येतें असें ठासून सांगितलें. आणि 1999 सालीं ल्यूथरनांचा जागतिक संघ व रोम ह्यांनीं मूळ मुद्द्यांवर एकवाक्यता जाहीर केली, तोंपर्यंत साडेचार शतकें लोटलीं होतीं. जें पंडितांस इतकें जड गेलें, तें मुलास एका वाक्यांत उमजावें ही अपेक्षाच अवाजवी होय.

पुस्तकाहून मोठा धोका पद्धतींत आहे. मार्क ट्वेनच्या 1876 च्या कादंबरींत टॉम सॉयर रविवारच्या शाळेंत वचनें पाठ न करितां इतर मुलांशीं देवघेव करून तिकिटें जमवितो आणि बक्षिसाचें बायबल पटकावितो. वाचक हंसतो, पण त्या विनोदाची धार शिक्षकावर आहे. मोबदल्यावांचून मिळणाऱ्या देणगीचा धडा बक्षिसाच्या लालचीनें किंवा छडीच्या धाकानें पाठ करविला, तर मूल पुस्तकांतलें विसरेल आणि पद्धतींतलें लक्षांत ठेवील.

ह्या सर्वांस कसोटी म्हणून खुद्द येशूचा एक दृष्टान्त पुढें ठेवावासा वाटतो. लूकच्या अठराव्या अध्यायांतील परूशी आपल्या पुण्याचा हिशेब देतो; जकातदार मान खालीं घालून दया मागतो; आणि नीतिमान ठरून घरीं जातो तो जकातदार. तींच माणसें, तोच शब्द, पण व्याख्या नाहीं. मुलाला कोणता भला हें आधींच ठाऊक असतें असें वाटतें, आणि शेवटच्या वाक्यानें त्याचा तो अंदाज कोसळतो. प्रश्न तेथें त्याच्याच मनांत उत्पन्न होतो.

आमच्या मतें तिहींमध्यें हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी मुलास सर्वांत जवळची, ल्यूथरची घरास, आणि वेस्टमिन्स्टरची शिक्षकाच्या स्वतःच्या अभ्यासास. परंतु तिन्ही हातीं देण्यापूर्वीं गोष्ट सांगावी, आणि मुलानें ‘असें कां?’ म्हणून विचारीपर्यंत उत्तर हातीं राखून ठेवावें.