'लॉवेल ऑफरिंग' : गिरणीकामगार मुलींचे लेखन आणि त्यातील मौन

प्रस्तावना :

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात स्त्रीकामगाराचे चित्र बहुधा इतरांनी रेखाटलेले आढळते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉवेल हे गाव याला महत्त्वाचा अपवाद आहे. येथील कापडगिरण्यांत राबणाऱ्या मुलींनी १८४० ते १८४५ या काळात 'लॉवेल ऑफरिंग' हे नियतकालिक चालविले. प्रारंभी एका धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली असलेल्या या नियतकालिकाचे संपादन पुढे हॅरिएट फार्ली व हॅरिएट कर्टिस या गिरणीत काम केलेल्या स्त्रियांकडे आले. १८४२ मध्ये लॉवेलला भेट देणाऱ्या चार्ल्स डिकन्सने त्याची प्रशंसा केली. तथापि, हे लेखन मुलींच्या हालअपेष्टांचा विश्वासार्ह पुरावा मानता येईल काय, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

लॉवेलमधील पहिल्या मोठ्या गिरणीत १८२३ मध्ये उत्पादन सुरू झाले. न्यू इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबांतील अविवाहित मुली येथे कामाला येत. त्यांची राहण्याची सोय कंपनीच्या वसतिगृहांत असे. चर्चमधील उपस्थिती, रात्री दहाची वेळमर्यादा आणि वर्तन यांवर कंपनीची नजर होती. दिवसाचे काम बारा ते तेरा तास, म्हणजे आठवड्याचे सुमारे ७३ तास चाले. उठणे, जेवणे, झोपणे सारे घंटेच्या ठोक्यावर होई. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागे. त्यासाठी खिडक्या बंद असत आणि कापसाची तूस श्वासावाटे छातीत जाई. १८३४ मध्ये मजुरी कपातीविरुद्ध, तर १८३६ मध्ये वसतिगृहाच्या वाढीव आकाराविरुद्ध मुलींनी काम बंद केले.

विवेचन :

'ऑफरिंग'मध्ये कष्टांचा उल्लेखच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १८४४ मधील 'सुसान'च्या पत्रांत यंत्रांचा आवाज काम संपल्यावरही कानात घुमत राहतो. सतत उभे राहून पाय सुजतात आणि वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या मापाचे बूट घ्यावे लागतात. बुटाच्या मापासारखा साधा तपशील कामाच्या तासांच्या कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक सांगून जातो. तो कल्पनेने सुचणारा नाही, अनुभवातूनच येणारा आहे. मात्र सुसान लगेच सांगते की या साऱ्याची सवय होते. वेदना नोंदवावयाची आणि पुढच्याच वाक्यात तिचे सांत्वन करावयाचे, ही या लेखनाची प्रमुख रचनारीती होय.

या रीतीमागे संपादकीय मर्यादा होती. मजुरी व वसतिगृहाचा आकार हे आपले विषय नव्हेत, अशी भूमिका संपादकांनी स्पष्टपणे घेतली होती. म्हणजे पाय सुजल्याचे लिहिता येई. ते कोणाच्या नफ्यासाठी सुजले, हे विचारता येत नसे.

सारा बॅग्ली हिचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १८४० मध्ये तिनेच 'ऑफरिंग'मध्ये गिरणीजीवनातील सुखांवर लेख लिहिला होता. पुढे ती स्त्रीकामगारांच्या सुधारणा संघटनेची अध्यक्ष झाली. दहा तासांच्या दिवसासाठी तिने सह्या गोळा केल्या आणि १८४५ मध्ये विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली. समितीने कायदा करण्यास नकार दिला. त्याच वर्षी बॅग्लीने 'ऑफरिंग' हे मालकांचे मुखपत्र असल्याचा आणि आपले लेख नाकारले गेल्याचा जाहीर आरोप केला. फार्लीने तो फेटाळला. त्याच वर्षाच्या अखेरीस नियतकालिक बंद पडले.

फार्लीचीही बाजू दुर्लक्षणीय नाही. गिरणीत काम करणारी मुलगी बुद्धिमान व सुसंस्कृत असू शकते, हे सिद्ध करणे तिला अगत्याचे वाटत होते. परंतु प्रतिष्ठेचे हे प्रमाणपत्र मालकांच्याही उपयोगी पडले, हे तिच्या भूमिकेचे वैगुण्य होय.

जे नियतकालिकात आले नाही, ते पुढे आठवणींत उमटले. हॅरिएट हॅन्सन रॉबिन्सन हिचे 'लूम अँड स्पिंडल' १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८३६ च्या संपात, वयाच्या अकराव्या वर्षी, आपल्या खात्यातील मुलींना घेऊन ती बाहेर पडली होती. परिणामी वसतिगृह चालविणाऱ्या तिच्या विधवा आईला कंपनीने कामावरून दूर केले. लेकीला आवर घातला नाही, हा आईचा अपराध! हे पुस्तकही त्या दिवसांचा गौरवच करते. तरी या एका प्रसंगात वसतिगृहाच्या पालकत्वाचा खरा अर्थ उघड होतो.

आणखी एक मौन ध्यानात घ्यावे लागते. या मुली जो कापूस कातीत, तो दक्षिणेतील गुलामांच्या श्रमातून येई. त्याच कापसाचा पुरवठा यादवी युद्धामुळे (१८६१-६५) खंडित झाल्यावर मुंबईच्या कापूस व्यापाराला तेजी आली. मुंबईच्या गिरण्यांतही वाइंडिंग व रीलिंग खात्यांत स्त्रिया राबल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांची गाऱ्हाणी मांडली, तर १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा आली. मात्र त्या काळातील मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया आपल्याला प्रामुख्याने अर्ज, अहवाल व इतरांच्या लेखनातूनच भेटतात. लॉवेलच्या मुलींना किमान शाळा आणि छापखाना लाभला होता.

निष्कर्ष :

'लॉवेल ऑफरिंग' हे समाधानाचे प्रमाणपत्र नव्हे, तसेच केवळ मालकांचा प्रचारही नव्हे. लिहिण्याची संधी मिळाली म्हणजे बोलण्याचे स्वातंत्र्य मिळाले असे होत नाही, हे ते दाखवून देते. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा होण्यास १८७४ साल उजाडावे लागले. म्हणूनच कामगार स्त्रियांचे लेखन वर्गात शिकविताना शब्दांइतकेच वगळलेल्या विषयांकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे आवश्यक ठरते.