अक्षर आणि आकार : जुन्या मराठी फॉन्टांचा प्रश्न

कालबाह्य संगणकप्रणाली किती काळ चालू ठेवावी, हा प्रश्न सामान्यतः खर्चाचा व सोयीचा मानला जातो. मराठीपुरता तरी तो प्रथम भाषाशास्त्राचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस छापखान्यांतून व कचेऱ्यांतून जे मराठी टंकलेखन झाले, त्यातील बराच मजकूर कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टांत आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर हा मजकूर उघडला, की रोमन अक्षरांचा अर्थशून्य गुंता तेवढा दिसतो. यावर दोन मते मांडली जातात. जुन्या प्रणाली जशाच्या तशा चालू ठेवाव्यात, हे एक. युनिकोड आल्यावर जुने टाकून द्यावे, हे दुसरे. दोन्ही मतांत दोष एकच आहे. दोन्ही पक्ष जुनेपणा केवळ काळावरून मोजतात.

वस्तुतः वयाने जुनी असूनही निरुपयोगी न ठरलेली प्रणाली मराठीला उपलब्ध होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मान्य केलेली ‘इस्की’ ही संकेतव्यवस्था अक्षर नोंदवते, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. म्हणून इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सुकर होते. कृतिदेव मात्र अक्षर नोंदवीत नाही, आकार नोंदवतो. त्यातील ‘भारत’ या शब्दात ‘भ’ म्हणजे अर्धा भ व एक उभी रेघ. आणि तीच रेघ लगेच पुढे काना म्हणून येते. एका कान्याच्या शब्दात यंत्राला दोन काने आढळतात. ‘किती’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी नोंदली जाते, ‘कर्म’मधील रफार ‘म’च्या नंतर. डोळ्यांना हा मजकूर शुद्ध मराठी दिसतो. यंत्राच्या लेखी तो रेघांचा क्रम असतो. त्यात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, वर्णांची गणनाही विश्वसनीय ठरत नाही.

तथापि, या फॉन्टांना चिकटून राहिलेल्या टंकलेखकास केवळ दोष देणे न्याय्य नव्हे. छापखान्यांचा आधार असलेल्या पेजमेकरची सातवी व अखेरची आवृत्ती २००१ मध्ये निघाली, आणि तीही युनिकोड जाणत नव्हती. शिवाय युनिकोडही निर्दोष नाही. ‘ॲ’ या वर्णास स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई. दिसावयास दोन्ही सारखे, नोंदीत मात्र भिन्न. ‘दऱ्या’मधील अर्ध्या ‘र’चीही नोंद दोन प्रकारे होऊ शकते.

या प्रश्नाचे खरे गांभीर्य तळोद्यासारख्या ठिकाणी ध्यानात येते. तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांत मराठीच्या जोडीला भिल्ली बोली व पावरी नांदतात. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली भाषांना वाहिलेला नववा खंड, भाग तिसरा, १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आजही वाचता येतो, कारण त्यास डोळ्यांखेरीज कोणत्याही साधनाची अपेक्षा नाही. याउलट, पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टात टंकलेला एखादा पावरी शब्दसंग्रह फॉन्ट हरवताच मुका होतो. रूपांतर करणारी साधने आहेत. पण मराठी मजकुरात वेलांटी किंवा रफार चुकल्यास वाचक ती चूक सहज ओळखतो. पावरी शब्दाला रूढ लेखनच नसल्यामुळे तेथे चूक हीच नोंद होऊन बसते. पुढचा अभ्यासक ती खरी मानून तिच्यावर ध्वनिनियम बांधील. वनहक्कांच्या २००६ च्या कायद्याखालील एखाद्या यादीत व्यक्तीचे वा पाड्याचे नाव असे बिघडले, तर हानी केवळ विद्येची राहणार नाही.

सारांश, जपावयाचा आहे तो मजकूर, प्रणाली नव्हे. असा प्रत्येक संग्रह युनिकोडमध्ये आणावा, आणि त्याची तपासणी ती बोली बोलणाऱ्याकडून शब्दशः करून घ्यावी. मूळ धारिका, तिचा फॉन्ट व एक छापील प्रत यांसह तो जतन करावा, म्हणजे रूपांतराबद्दल शंका आल्यास मूळ आकार पुन्हा पाहता येईल. तपासणीवाचून केलेले रूपांतर हे जतन नव्हे. ते एका अपपाठाला दिलेले नवे आयुष्य होय.