रिकाम्या कोठाराची राखण

आपली फजिती एखाद्या कंपनीने स्वतःच तासामिनिटांच्या हिशोबासह लिहून काढावी, असे सहसा घडत नाही. गिटलॅब या कंपनीने १० फेब्रुवारी २०१७ रोजी प्रसिद्ध केलेला अहवाल या दृष्टीने विरळा म्हणावा लागेल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आपले काम ठेवण्यासाठी आणि त्यावर चर्चा करण्यासाठी ही कंपनी इंटरनेटवर जागा पुरवते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा दुय्यम डेटाबेस मुख्य डेटाबेसच्या मागे पडला. तो नव्याने भरून घ्यायचा म्हणून एका अभियंत्याने त्यातील माहिती पुसण्याची आज्ञा दिली, पण ती दिली गेली मुख्य यंत्रावर. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली. तोवर सुमारे ३०० जीबी माहिती नाहीशी झाली होती.

अहवाल खरा रंगतो तो येथून पुढे. दुय्यम यंत्र आधीच पुसलेले होते. रोजची राखीव प्रत शोधली, तर साठवणीची जागा रिकामी! प्रत काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे काम दर वेळी अर्धवटच थांबत होते. तसे कळवणारी ई-पत्रेही निघत होती. पण प्रेषकाची ओळख पटवणारी सही त्यांवर नसल्याने ती नाकारली जात होती. म्हणजे पहारेकरी ओरडत होता, पण त्याचा आवाज कोणाच्याच कानी जात नव्हता. शेवटी कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी भलत्याच चाचणीसाठी काढलेली एक प्रत. ती मूळ जागी आणायला अठरा तासांच्या आसपास वेळ गेला. मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी सदस्य-खाती यांना फटका बसला. प्रोग्रॅमच्या मूळ फायली वेगळ्या ठिकाणी असल्याने वाचल्या.

अहवालाचा मोठा गुण असा, की तो त्या अभियंत्याला नावानिशी पुढे करत नाही. प्रत्येक उत्तरावर पुन्हा 'का?' विचारत तो अशा जागी पोचतो, की राखीव प्रती तपासण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते. हे कबूल करायला धैर्य लागते.

उणिवाही आहेत. वापरणाऱ्यांचे नुकसान आकड्यांपुरतेच येते. ज्याचे दिवसभराचे काम गेले, तो माणूस कोठे दिसत नाही. जोडप्रत आणि राखीव प्रत यांतील फरकही ओझरताच येतो. मुख्य डेटाबेसमधली एखादी नोंद चुकून खोडली, तर जोडप्रतीतही ती क्षणार्धात खोडली जाते. यंत्र बंद पडले तर जोडप्रत उपयोगी, माणूस चुकला तर नाही! आपल्याकडे संगणकाच्या तासाला 'बॅकअप घ्यावा' एवढ्यावरच विषय संपतो, तेथे हा फरक फळ्यावर काढून दाखवण्याजोगा आहे. शाळेच्या गुणपत्रकांची पेनड्राइव्हवरील गेल्या वर्षीची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे विद्यार्थ्यांसमोरच करून पाहावे.

अहवालाची भाषा तांत्रिक संज्ञांनी जड झाली आहे. सगळा वाचण्याची गरज नाही. घटनाक्रम शिक्षकाने आपल्या शब्दांत सांगावा आणि वरच्या वर्गात 'का?' या प्रश्नांची मालिका तेवढी वाचावी. तेवढ्यालाही एक तास पुरायचा नाही.