प्रमाणचिन्हाची ओळख आणि बाजाराची कार्यक्षमता : मुळशीच्या आंबेमोहोराच्या निमित्ताने

कोकोच्या व्यापाराविषयीच्या विवेचनांत एक गृहीत आढळते : व्यापाऱ्यास शाश्वततेच्या प्रमाणपत्राची माहिती जितकी अधिक, तितका बाजार अधिक कार्यक्षम. हे गृहीत पारखण्यासाठी घानापर्यंत जाण्याचे कारण नाही. मुळशी तालुक्यातील चांद्याच्या परिसराचा विचार त्यास पुरेसा आहे.

मुळशी हे आंबेमोहोराचे पारंपरिक क्षेत्र. या तांदळास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. तथापि त्याचे उत्पन्न कमी. आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरातून सिद्ध झालेल्या इंद्रायणीने त्याची खाचरे बव्हंशी व्यापली, आणि दुकानांतून आंध्र व मध्य प्रदेशांतील आखूड, सुवासिक तांदूळही आंबेमोहोर या नावाने विकला गेला. हा भेद व्यापाऱ्यास ठाऊक नसतो, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तो ठाऊक असतो, म्हणूनच त्यातून नफा निघतो. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविल्याप्रमाणे, विक्रेत्यास गुण ठाऊक व ग्राहकास अज्ञात असला, की हलका माल चांगल्यास बाजारातून हुसकावतो. केवळ व्यापाऱ्याचे ज्ञान वाढल्याने ही दरी बुजत नाही. प्रसंगी ती रुंदावते.

दुसरा आक्षेप प्रमाणपत्राच्या आशयासंबंधी आहे. भौगोलिक निर्देशांक माल कोठला हे सांगतो. तो निसर्गास न दुखविता पिकविला काय, हे सांगत नाही. कोकोच्या काही योजनांत याच्या उलट घडते : प्रमाणित व अप्रमाणित बिया मिसळण्यास मुभा असून हिशेब केवळ वजनाचा राहतो. एकच प्रश्नावली दोन्हींस लावणे म्हणूनच सदोष होय.

वस्तुतः कसोटी एकच. वेगळी साठवण, वेगळी भरडाई व नोंदणी यांचा खर्च वजा जाता वाढीव भावातील किती अंश शेतकऱ्याच्या हाती पडतो? मालाची ओळख खळ्यावर, गिरणीत की दुकानात पुसली जाते, हे शोधल्यावाचून जाणिवेची टक्केवारी निरर्थक आहे. पुण्याच्या वाढीच्या कक्षेत आलेल्या चांद्यासारख्या गावी या प्रश्नास विशेष निकड आहे. कारण अस्सल वाणास भाव नसेल, तर तेथील खाचराची स्पर्धा इंद्रायणीशी नव्हे, घरबांधणीच्या भूखंडाशी असते.