कळ कोणाची, अक्षर कोणाचें?

ग्रंथपरीक्षण म्हटलें कीं ग्रंथ आला, ग्रंथकार आला आणि त्याच्या गुणदोषांची चर्चा आली. परंतु ज्या साधनानें आज बहुतेक ग्रंथ लिहिले जातात, त्या साधनाचेंही परीक्षण करावें असें आमच्या टीकाकारांस सहसा वाटत नाहीं. बोरू आणि टांक यांच्या काळीं तें ठीक होतें. बोरूला स्वतःचें मत नसे. संगणकावरील लेखन-संपादकास मात्र मत असतें. कोणती कळ दाबली असतां काय घडावें, अक्षर कोठें संपतें, दोन रूपें एकच केव्हां समजावयाचीं, हें सारें त्याच्या कर्त्यानें आपण लिहावयास बसण्यापूर्वींच ठरवून ठेविलेलें असतें. म्हणून त्याच्याकडे एक कृति या नात्यानें पाहणें अगत्याचें आहे. प्रस्तुत लेखांत 'इमॅक्स' नांवाच्या संपादकाचा असा विचार करण्याचें योजिलें आहे. आणि तो मराठी लेखकाच्या, त्यांतही दर्यापुरास बसून लिहिणाऱ्याच्या बाजूनें.

निमित्त घडलें तें असें. पूर्णेच्या खोऱ्यांतील आमच्या खारपाण पट्ट्यांत बोलले जाणारे वऱ्हाडी शब्द मी कांहीं विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें जमवीत आहें. चिठ्ठ्या दोघांनीं टंकलिखित केल्या. एके दिवशीं मीं त्या साऱ्या संग्रहांत 'वऱ्हाड' हा शब्द शोधावयास सांगितलें, तों निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या यंत्रास सांपडल्याच नाहींत. शब्द डोळ्यांपुढें दिसत आहे आणि यंत्र म्हणतें, तो नाहीं! ज्या प्रांताचे शब्द गोळा करावयाचे, त्या प्रांताचें नांवच हरवलेलें.

या घोटाळ्याचें मूळ शोधतां असें दिसून आलें कीं 'ऱ्ह' मधला अर्धा र, ज्याला आपण पापणीसारखा र म्हणतों, तो युनिकोडच्या व्यवस्थेंत दोन प्रकारांनीं लिहितां येतो. एका प्रकारांत ऱ हें स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडावयाचा. दुसऱ्यांत साधा र, मग हलन्त आणि त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह. पहिला प्रकार युनिकोडनें योग्य मानिला असून दुसरा जुन्या लेखनाशीं मेळ राहावा म्हणून चालूं ठेविला आहे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या हिशेबीं मात्र ते दोन निराळे शब्द. आमच्या एका विद्यार्थ्याची पद्धत पहिली, दुसऱ्याची दुसरी. दोष कोणाचाच नव्हता, आणि काम मात्र बिघडलें होतें.

या प्रसंगीं इमॅक्सचा मोठा गुण अनुभवास आला. १९७६ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. येथें रिचर्ड स्टॉलमन यांनीं हा संपादक प्रथम सिद्ध केला. त्याचा 'ग्नू' अवतार १९८५ पासून लोकांत आला. याचें अंतरंग कोणासही उघडून पाहतां येतें आणि बदलतां येतें. कोणतीही आज्ञा कोणत्याही कळेवर बसवावी, नवी आज्ञा हवी असल्यास स्वतः रचावी, अशी त्यांत मुभा आहे. एका विद्यार्थिनीनें एका संध्याकाळांत लहानशी आज्ञा रचली. एक कळ दाबतांच संग्रहांतील प्रत्येक जुना अर्धा र नव्या रूपांत जाई. ती आज्ञा तिनें एफ-५ या कळेवर बसविली. तीच कळ कां, असें विचारतां तिनें सांगितलें कीं एफ-५ ते एफ-९ या कळा, तसेंच कंट्रोल-सी नंतर दाबावयाचें कोणतेंही एक अक्षर, हें वापरणाऱ्याच्या मालकीचें आहे. कोणाही कार्यक्रमकारानें त्यावर अतिक्रमण करूं नये असा त्या मंडळींचा दंडक आहे. मला हा दंडक फार आवडला. घर बांधतांना कर्त्यानें एक खोली भाडेकऱ्याच्या इच्छेसाठीं मोकळी ठेवावी, तसाच हा प्रकार. साहित्यांतही थोर लेखक वाचकासाठीं अशी जागा ठेवितो.

आणखी एक सोय मराठी लेखकाच्या विशेष उपयोगाची आहे. संगणकाचा सगळाच कळफलक मराठीवर फिरविला असतां अक्षरांच्या आधारें दिलेल्या आज्ञा पुष्कळदां मुक्या होतात; कारण यंत्रास सी ऐवजीं एकदम म ऐकूं येतो. इमॅक्सच्या पोटांतच देवनागरी लिहिण्याची पद्धति असल्यामुळें लेखन मराठींत आणि आज्ञा पूर्ववत् असें दोन्ही साधतें. ब्रॅम मोलेनार यांच्या १९९१ पासूनच्या 'व्हिम' या संपादकांतही लेखनाची अवस्था व आज्ञेची अवस्था वेगळ्या ठेवून केवळ लिहितांना अक्षरें बदलण्याची योजना आहे. दोघांही कर्त्यांची मातृभाषा मराठी नव्हती, तरी भाषेला जागा देण्याची बुद्धि त्यांच्या रचनेंत होती, हें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे.

येथपर्यंत स्तुति झाली. आतां शंका. ज्याला त्याला आपापली कळ, हें तत्त्व कोठवर न्यावें? आमच्यांतील एका उत्साही विद्यार्थ्यानें आज्ञाच नव्हे, तर अक्षरांच्या जागाही आपल्या सोयीनें बदलल्या. घरच्या यंत्रावर त्याचा हात वाऱ्यासारखा चाले. दुसऱ्याच्या यंत्रापुढें बसला कीं तोच हात आंधळा होई. आमच्या भागांत ही गोष्ट केवळ हौसेची नाहीं. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठीं मराठींत मिनिटास ३० शब्दांची गति लागते, आणि ती परक्या यंत्रावर, ठरलेल्या मांडणीवर दाखवावी लागते. खारपाणांतील कोरडवाहू शेतावर ज्या घराचा भरंवसा राहिलेला नाहीं, त्या घरच्या मुलास ही गति म्हणजे भाकरीचा प्रश्न आहे. त्याला स्वातंत्र्याचा उपदेश करणारानें हें विसरूं नये.

उलट, ठरलेली मांडणी म्हणजे जुलूम, असेंही नाहीं. १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झालेली 'इनस्क्रिप्ट' मांडणी पाहा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजनें. क च्या कळेवरच शिफ्ट दाबून ख, ग च्या कळेवर घ. हिच्यामागें आपल्या वर्णमालेची शिस्त उभी आहे. 'वऱ्हाड' लिहावयास व, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशा सहाच कळा लागतात, आणि अर्धा र योग्य त्याच रूपांत उमटतो. जुन्या रेमिंग्टन यंत्रावर ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधीं मारावा लागे, कारण तेथें डोळ्याचा क्रम होता. येथें उच्चाराचा क्रम आहे. एके काळीं यंत्रासाठीं लिपीच वांकवावी अशी भाषा होती. सावरकरांनीं अ ची बाराखडी पुरस्कारिली. १९५३ च्या लखनौ परिषदेंत ऱ्हस्व इकार उजवीकडे नेण्याची सूचना झाली. त्या मंडळींचा हेतु थोर होता, पण आज यंत्रच लिपीपुढें वांकलें आहे. मग आपण आपल्याच हातानें पुन्हा बेबंदशाही कां आणावी?

माझ्या मतें भेद येथें आहे. कळ ही व्यक्तीची, अक्षर हें समाजाचें. कोणती आज्ञा कोणत्या बोटाखालीं असावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु अक्षर कसें नोंदवावें, शोधतांना काय समान मानावें, क्रम कोणता धरावा, या गोष्टी एकट्यानें आपल्या घरीं सोडवून भागत नाहीं. विद्यार्थिनीच्या एफ-५ नें आमचा संग्रह सुधारला. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या अभ्यासकाचा सुधारला नाहीं. तिची युक्ति जोंवर तिच्याच यंत्रांत आहे, तोंवर ती खाजगी टिपणासारखी आहे. तिला ग्रंथांत जागा मिळाली पाहिजे.

म्हणून इमॅक्सच्या कर्त्यांपुढें तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं अर्ध्या र चीं दोन्ही रूपें शोधतांना मुळांतच एक मानावींत. दुसरी, ओळी अक्षरक्रमानें लावतांना मराठीचा क्रम निवडतां यावा. नुसत्या संकेतांकांनीं लावल्यास ळ हा ल आणि व यांच्यामध्यें शिरतो, आपल्या वर्णमालेंत तो ह नंतर येतो. शब्दकोश करणारास हा फरक लहान नव्हे. तिसरी, मागें खोडणारी कळ जोडाक्षराचा एकेक घटक खोडते. चुकलेली मात्रा सुधारण्यास तें सोयीचें असल्यानें तसेंच राहावें, पण सबंध जोडाक्षर एकदम खोडणारी दुसरी आज्ञा जोडीला असावी.

या सूचना पाठविण्यास कोणाची शिफारस लागत नाहीं. उणीव कळविण्याची आज्ञा या संपादकाच्या पोटांतच आहे. तरी आम्ही ती क्वचित् वापरतों. चहाच्या वेळीं कुरकुर करावयाची, आणि पुढें 'वऱ्हाड' ऐवजीं 'वर्हाड' छापलें गेलें तरी तें चालवून घ्यावयाचें, ही आमची रीत. टीकेचें काम दोष दाखवून संपत नाहीं. दोष ज्याच्या कानीं जावयास हवा त्याच्या कानीं तो नीट शब्दांत घालणें हाही तिचाच भाग आहे. त्या विद्यार्थिनीस मीं तेंच सांगितलें. तिचें पत्र लिहून झालें आहे. पत्रांत उदाहरणादाखल शब्द घेतला आहे तो अर्थातच 'वऱ्हाड', दोन्ही रूपांत, एकाखालीं एक.