इस्त्री केलेली वंशावळ: कुलवृत्तांत साधन म्हणून कसा वाचायचा?

संशोधनाची तयारी करणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. तो प्राथमिक साधन म्हणून चालेल का?" थोडक्यात उत्तर असं, की दुय्यम साधन म्हणून जरूर वापरा, प्राथमिक म्हणून नको. आता कारणं सांगतो.

आधी श्रेय देऊ. विसाव्या शतकात कोकणस्थ घराण्यांनी विशेष नेटाने आणि नंतर इतरांनीही कुलवृत्तांत तयार केले. त्यामागे प्रचंड हौशी मेहनत आहे. गावोगावी माहितीपत्रकं पाठवायची, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायची, घराणी लावायची, पिढ्यांना क्रमांक द्यायचे. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मूळ पुरुष आणि मग पानंच्या पानं वंशवृक्ष. कुणी कोणत्या दशकात गाव सोडलं, कुठे नोकरी धरली, हे एका जागी सापडणारं दुसरं साधन मराठीत क्वचितच मिळेल.

माझा आक्षेप मांडणीवर आहे. वंशवृक्षाच्या प्रत्येक चौकटीत एक माणूस आणि त्याचं एकच नाव बसतं. मूळ कागदात मात्र माणसाला एकच नाव क्वचित असतं. संपादक त्या चार-पाच रूपांतलं एक निवडतो, बहुधा त्यातलं सगळ्यात शुद्ध आणि भारदस्त, आणि बाकीची टाकून देतो. नावाला इस्त्री होते. टाकलेली रूपं छापली नाहीत, तर तो निर्णय बरोबर होता की नाही हे वाचकाला कधीच तपासता येत नाही.

नाव बदलतं ते का?

एक कारण लिहिणाऱ्याची नजर. महादेव, महादजी, म्हादू ही एकाच माणसाची नावं असू शकतात. घरात म्हादू, वाण्याच्या वहीत महादू, इनामाच्या कागदात महादजी. त्या काळी नावाला 'जी', 'राव', 'पंत' लागणार की नुसतं 'या' लागून धोंड्या होणार, हे जात, हुद्दा आणि कागद कुणी लिहिला यांवर ठरत असे. महादजी शिंद्यांचंच बघा ना, माधवराव शिंदे म्हणूनही ते ओळखले जातात आणि पाटीलबावा म्हणूनही. नावाच्या रूपावरून त्या माणसाची त्या दिवशीची पत कळते. कुलवृत्तांतात सगळेच 'राव' आणि 'पंत' झाले की ही माहिती जाते.

दुसरं कारण लिपी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात. त्यामुळे एकच नाव दोन लिप्यंतरकार दोन तऱ्हांनी वाचू शकतात. असा फरक माणसाच्या आयुष्यात घडलेला नसतो, तो वाचनात घडलेला असतो. म्हणून लिप्यंतर कुणी केलं याचीही नोंद हवी.

तिसरं कारण आडनाव. फुले घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, मूळ गाव आंबडवे. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला नाव पडलं ते 'भिवा रामजी आंबेडकर'. 'भीमराव सकपाळ' एवढंच हातात धरून कुणी ते रजिस्टर चाळलं असतं, तर ही नोंद त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेली असती.

चौथं कारण दत्तक. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये दत्तक घेतलेला मुलगा आनंदराव होता, तो दामोदरराव झाला. दत्तकात वडिलांचं नाव बदलतंच, पण मुलाचं स्वतःचं नावही बदलू शकतं. म्हणजे जन्माची नोंद आणि पुढची कागदपत्रं यांत एकही शब्द जुळणार नाही.

बायकांचं काय?

हे पाचवं कारण, आणि इथे कुलवृत्तांत सगळ्यात उघडा पडतो. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉ. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. लग्नात दोघींची नावं बदलली. कर्वे घराण्याच्या आनंदीबाई ऊर्फ बाया यांचं उदाहरण तर वर्गात शिकवावं असं आहे. जन्माने गोदूबाई जोशी, पहिल्या लग्नाने नातू, वैधव्यानंतर १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे. एका बाईसाठी तीन घराण्यांचे कागद धुंडाळावे लागतात.

या तिघी प्रसिद्ध होत्या आणि त्यांच्याविषयी लिहिलं गेलं, म्हणून धागा तुटला नाही. बाकीच्या बायकांची नोंद सासरच्या कुलवृत्तांतात 'पत्नी लक्ष्मीबाई' एवढीच असते. फार झालं तर कंसात माहेरचं आडनाव. माहेरच्या कुलवृत्तांतात तीच बाई 'कन्या' म्हणून येते आणि तिथेच संपते. दोन पुस्तकं शेजारी ठेवली तरी त्या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे कळायला मार्ग नाही.

नाव एकच, माणसं दोन

उलटी चूकही तितकीच सोपी. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. श्रीवर्धनच्या भट घराण्यात, म्हणजे पेशव्यांत, बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब, आणि त्याचा मुलगा माधवराव. कागदात बाळाजीचं 'बल्लाळ' होतं. म्हणून 'बाजीराव बल्लाळ' आणि 'माधवराव बल्लाळ' या दोन नावांतले बल्लाळ वेगवेगळे आहेत, एक आजोबा आणि दुसरा नातू. पुढे दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र धोंडोपंत, तेही नानासाहेबच. पेशव्यांवर ढीगभर कागद आहेत म्हणून आपला गोंधळ होत नाही. साध्या शेतकरी घरातले दोन 'राणोजी' एकाच चौकटीत बसले, तर मधल्या दोन पिढ्या गडप होतात आणि वंशवृक्ष तरीही नीटनेटका दिसतो.

एवढं का ताणायचं?

कारण हा प्रश्न अभ्यासिकेपुरता नाही. जात पडताळणीसाठी महाराष्ट्रात मानीव दिनांकाआधीचे पुरावे लागतात. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. घरात जुना शाळेचा दाखला नसेल तर कोतवाल बुकाकडे, म्हणजे गाव नमुना १४ कडे, वळावं लागतं. तिथे जन्माच्या नोंदीत बापाचं नाव असतं आणि बाळाच्या नावाच्या जागी अनेकदा नुसतं 'मुलगा' लिहिलेलं असतं. बाप तिथे 'गोविंदा', सातबारावर 'गोविंद', आणि मुलाच्या दाखल्यावर 'गोविंदराव'. हे तिघे एकच, हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. छापील कुलवृत्तांत असलेली घरं मोजकी, आणि त्यांतली बरीचशी आधीपासून लिहिती-वाचती. ज्यांना वंशावळीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या हातात ते पुस्तक नसतं. म्हणून नावं जुळवायची पद्धत आपण संशोधकांनी नीट मांडली, तर तिचा उपयोग प्रबंधाबाहेरही होतो.

मग करायचं काय?

पहिलं, तक्ता माणसांचा न करता नोंदींचा करा. एक ओळ म्हणजे एक नोंद: नाव जसं लिहिलंय तसंच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, तारीख, कागदाचा प्रकार, लिहिणारा, लिपी. शुद्धलेखन सुधारू नका. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. हे शब्दही तसेच ठेवा, नातं त्यांतूनच कळतं.

दुसरं, नाव सोडून बाकीच्या खुणा पकडा. गट नंबर, वतन, हद्दीवरचे शेजारी, साक्षीदार. माणसाचं नाव बदललं तरी त्याच्या शेताचा शेजारी सहसा तोच राहतो. सगळ्यात कामाचा कागद म्हणजे वारसाचा फेरफार. मेलेल्या माणसाचं आणि त्याच्या वारसांचं नाव त्यात एकत्र येतं, कधी 'ऊर्फ' सकट. सातबारावर 'ए.कु.मॅ.' दिसलं तर सावध व्हा. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, बहुधा थोरला भाऊ. धाकटे भाऊ कागदावर नाहीत म्हणजे नव्हतेच, असं होत नाही.

तिसरं, 'या दोन नोंदी एकाच माणसाच्या' हा तुमचा निष्कर्ष आहे, तेव्हा तो वेगळ्या रकान्यात कारणासकट लिहा. किमान दोन स्वतंत्र खुणा जुळल्या तर 'पक्का', एकच जुळली तर 'संभाव्य', नुसतं नाव जुळलं तर 'अनिर्णित'. अनिर्णित ओळींची लाज वाटून घेऊ नका. परीक्षक त्याच आधी विचारतील, आणि तुमच्याकडे उत्तर असेल.

कुलवृत्तांताचा एक उपयोग मात्र आवर्जून करा. हा तक्ता पुरेसा भरला की छापील वंशवृक्ष शेजारी ठेवा आणि दोन्ही कुठे जुळत नाहीत ते पाहा. संपादकाने कोणती नावं सुधारली, कोणती बायको गाळली, कोणत्या शाखेला 'निर्वंश' म्हटलं आणि ती खरं तर दत्तकाने दुसऱ्या आडनावाखाली चालूच होती का? यातला एखादा फरक तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण ठरू शकतो.